आधारस्तंभांचं कपाट

३ मार्च

चिरंजीव आणि अजून तरी सुखरूप असलेल्या भाचीस,

मामाचे आशीर्वाद. ते पोहोचेपर्यंत स्वतःची काळजी स्वतः घेणे.

तू पोहोचल्याचं पत्र मिळालं. फोन करू नकोस, हे पुन्हा एकदा सांगतो. परवा तू केलेला फोन मी 'राँग नंबर' म्हणून ठेवला, कारण नंबर अनोळखी होता आणि 'मामा, मी बोलतेय' असं तर कुठलीही लबाड बाई म्हणू शकते. तुझी मामी रागावली. रागावू दे. चौतीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलं ते माणसांवर विश्वास ठेवून नाही.

आता नीट ऐक. रस्त्यात कोणी वेळ विचारली तर घड्याळ बंद आहे म्हणावं. पत्ता विचारला तर मी इथली नाही म्हणावं, ते खरंही आहे. कोणी हसलं तर आपण हसू नये, पण रागानेही बघू नये, भिंतीकडे बघावं. पर्स छातीशी धरावी, पण तिच्यात काही असावं असं कुणाला वाटता कामा नये. अंगभर गोंदलेली आणि कुत्री घेऊन हिंडणारी माणसं दिसली की रस्ता ओलांडावा. आणि विनाकारण मदत करायला येणाऱ्यापासून तर दहा हात लांब. मी दिलेली शिट्टी गळ्यात आहे ना?

मोठं समाधान एवढंच की तू आपल्या माणसाकडे आहेस. हा माझा शाळेतला बाकावरचा सोबती. तिथली आपली मंडळी त्याला 'आधारस्तंभ' म्हणतात ते उगाच नाही. कवळ्या बनवण्याच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये त्याने तुला काम दिलं, वर राहायला खोली दिली, आणि तू पोहोचलीस त्याच दिवशी मला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. छापील कागदावर, खाली सही. 'भाचीचा पासपोर्ट माझ्या लोखंडी कपाटात ठेवून घेतला आहे, निर्धास्त राहा.' ते वाचलं आणि मी दुपारी दोन तास गाढ झोपलो.

तुझा,
मामा


१९ मार्च

सावध मामांना शिट्टीवाल्या भाचीचा वाकून नमस्कार. वाकताना पर्स छातीशीच होती.

तुमच्या सगळ्या सूचना अमलात आणल्या. त्याचा अहवाल असा. कोपऱ्यावरच्या एका आजींनी वेळ विचारली. मी म्हटलं, घड्याळ बंद आहे. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, काटा टकटक फिरत होता. तेव्हापासून त्यांची खात्री झाली आहे की या मुलीला घड्याळ कळत नाही. आता मी दिसले की त्या स्वतःहून मला वेळ सांगतात, दोनदा, सावकाश.

गोंदलेला माणूसही सापडला. समोरच राहतो. मनगटापासून मानेपर्यंत निळा-हिरवा, आणि सोबत वासराएवढा कुत्रा. म्हणजे तुमच्या यादीतले दोन धोके एकाच माणसात. मी रस्ता ओलांडला की कुत्राही ओलांडतो. त्याला मी फार आवडते. मंगळवारी तो अगदी पायाशी आला, तेव्हा माझी पाचावर धारण बसली आणि मी शिट्टी फुंकली. कुत्रा जागच्या जागी खाली बसला. त्याला शिट्टीवर बसायलाच शिकवलंय म्हणे. गोंदलेल्या माणसाने माझे आभार मानले.

काम चांगलं आहे. आम्ही तिघी लांब टेबलाशी बसतो: मी, थोरली आणि धाकटी. या बहिणी नव्हेत, वयावरून पाडलेली नावं. मी मेणात एकेक दात बसवते, थोरली साचे ओतते, धाकटी घासून चकचकीत करते. दिवसभर समोर जबडे हसत असतात, त्यामुळे आपण हसलो नाही तरी चालतं. केसांतून प्लॅस्टरची पांढरी भुकटी जात नाही.

वरच्या खोलीत तीन खाटा आणि चार बोटं उघडणारी एक खिडकी आहे. संध्याकाळी सातला आधारस्तंभ जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावून घरी जातात. चोर आत येऊ नयेत म्हणून. आग लागली तर काय करायचं, असं धाकटीने विचारलं. ते म्हणाले, "मी असताना आग कशाला लागेल?" ते सकाळी आठला येतात.

वाचनालयात नाव घालायला पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून मी तो मागितला होता. ते म्हणाले, "डोळे कामाला वापर." पासपोर्ट दिला नाही. काळजीच एवढी करतात!

मामीला सांगा, मी जेवते.

तुमची,
भाची


६ एप्रिल

चिरंजीव भाचीस,

आशीर्वाद, पण या वेळी थोडे रागावून.

बाहेरून कुलूप! ते वाचून माझे डोळे भरून आले. परदेशात आपल्या पोरींसाठी एवढं कोण करतं? मामी म्हणाली, "बाहेरून कुलूप कोंबड्यांना लावतात." तिला सुरक्षेतलं काही कळत नाही.

पण तुझ्याबद्दल एक तक्रार आली आहे. आधारस्तंभ लिहितो की तू त्या कुत्रेवाल्याशी बोलताना दिसलीस. कुत्र्याला थोपटतही होतीस. अगं, अशी माणसं आधी कुत्रा पुढे करतात! तू शहाणी आहेस, म्हणूनच जास्त भीती वाटते. वाचनालयाचंही मनातून काढून टाक. तिथे कोण येतं, कोण जातं, कुणाला पत्ता नसतो.

एक आनंदाची बातमी. आमच्या निवृत्त भांडारपाल संघटनेने पाच जुलैला माझा सत्कार ठरवला आहे. प्रमुख पाहुणा कोण, ओळख बघू? तुझा आधारस्तंभ! नेमका त्याच सुमारास तो इकडे येणार आहे, आणि माझ्या एका शब्दावर हो म्हणाला. परदेशातला पाहुणा संघटनेला आजवर लाभला नव्हता. अध्यक्ष मला आता 'अहो' म्हणतात. तेव्हा त्याची मर्जी सांभाळून राहा.

मामा


२ मे

मामा,

या वेळी नमस्काराला वेळ नाही.

शहराच्या मोठ्या दंत रुग्णालयाने मला नोकरी देऊ केली आहे. मी बसवलेली एक कवळी तिथल्या डॉक्टरांच्या हाती लागली आणि त्यांनी विचारलं, ही कुणी केली? मला आनंद झाला, पण तो पुरता एक दिवसही टिकला नाही. माझा इथे राहण्याचा परवाना तीस जूनला संपतो. तो वाढवायचा तर पासपोर्ट स्वतः नेऊन दाखवावा लागतो. तो नसेल तर एक जुलैपासून मी इथे बेकायदा. म्हणजे पोलीस ज्या परदेशी माणसांना पकडतात, त्यांतली मी एक.

मी पासपोर्ट मागितला. पहिल्या आठवड्यात किल्ली आधारस्तंभांच्या बायकोकडे होती आणि बायको माहेरी होती. दुसऱ्या आठवड्यात किल्ली मोडली. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले, हातातल्या कवळीवर फुंकर मारली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "कुठला पासपोर्ट? तू माझ्याकडे दिलाच नव्हतास. स्वतः हरवलास आणि आता माझ्यावर ढकलतेस?" मग जाता जाता, "तीस तारखेनंतर तुला ठेवून घेणारा या शहरात मी एकटाच असेन, हे लक्षात ठेव."

थोरली साच्यात तोंड घालून बसली होती. ती इथे सहा वर्षं आहे. तिला हे सगळं नवीन नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत मी पायरीवर बसून रडले. कुत्रा आला आणि त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मागून त्याचा मालक. तो शहरातली बस चालवतो, मामा. म्हणजे शेकडो लोक रोज आपला जीव त्याच्या हाती देतात आणि मी त्याच्यावर शिट्टी फुंकत होते. सगळं ऐकून तो म्हणाला की इथे दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं हाच गुन्हा आहे, मग तो मालक असो की घरमालक. मी म्हटलं, पण ते आमचे आहेत. त्याने विचारलं, "आमचे म्हणजे काय?" 

तो मला पोलीस ठाण्यात घेऊन गेला. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "पासपोर्ट दिलास तेव्हा त्याच्याकडून काही लिहून घेतलंस?" मी तिथे हसले, मामा. त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. तुमच्या भांडारातून झाडू न्यायचा तरी सही लागायची. पोहोचल्यावर पासपोर्ट त्यांच्याकडे दे, असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा निघताना मी विचारलं होतं, त्याची पावती मागू का? तुम्ही म्हणालात, "आपल्या माणसाकडे पावती मागून माझी लाज काढतेस का?"

पण लिहिलेलं एक आहे. आधारस्तंभांनी तुम्हाला पाठवलेलं ते पत्र, छापील कागदावरचं, सहीचं. ते मला पाठवा. नक्कल नको, मूळ हवं. लगेच पाठवा.

भाची


१६ मे

चिरंजीव भाचीस,

पत्र मिळालं. पण घाईघाईत काही करू नकोस. पोलीस! तेही परक्या देशातले! आपल्या माणसाची तक्रार आपण परक्यांकडे करायची? त्याचा स्वभाव पहिल्यापासून जरा तापट. शाळेतही माझी कंपासपेटी घेऊन 'माझीच आहे' म्हणायचा, पण वर्ष संपल्यावर द्यायचा. तू एकदा त्याची माफी मागून बघ. माफी मागून कुणी लहान होत नाही.

आणि हा बसवाला तुला ठाण्यात घेऊन गेला, यात त्याचा काय फायदा, याचा विचार केलास का?

इकडे निमंत्रणपत्रिका छापून झाल्या आहेत, चार रंगांत. आधारस्तंभाचा फोटो वर आहे, माझा खाली. दोनशे पत्रिका वाटूनही झाल्या. अशा वेळी काही भलतंसलतं झालं तर मी चारचौघांत तोंड कसं दाखवू?

ते पत्र शोधलं. सापडलं नाही. कुठे ठेवलं, आठवत नाही. वय झालं.

मामा


२८ मे

मामा,

'सापडलं नाही' हे मी तीनदा वाचलं. माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापासून तुमच्या लग्नात आलेल्या मिक्सरच्या हमीपत्रापर्यंत सगळं तुमच्या फायलींत आहे. मिक्सर जाऊन वीस वर्षं झाली.

मी माफी मागितली नाही. खोली सोडली. आधारस्तंभ म्हणाले, "बाहेर पडलीस तर लोक तुला फाडून खातील." लोक म्हणजे त्या घड्याळवाल्या आजी निघाल्या. त्या बसवाल्याच्या आई. सध्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी झोपते, कुत्रा माझ्या पायाशी. दाराला आतून कडी आहे आणि ती मी लावते.

तेहतीस दिवस उरले आहेत. मला भीती वाटते, मामा. याची थट्टा करून बघितली, जमली नाही. आई गेल्यावर तुम्ही मला घरी आणलंत, आणि त्या घरात आपण पोरके आहोत असं मला एकदाही वाटलं नाही. तुमचं पत्र वाचून ते पहिल्यांदा वाटलं.

पत्ता बदलला आहे, पाकिटाच्या मागे लिहिला आहे.

भाची


९ जून

बाळा,

मी मामी. मला लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

तुझं पत्र यांनी वाचलं, घडी घातली आणि फाईलला लावलं. मला म्हणाले, "सगळं ठीक आहे तिचं." यांचं जेवण गेलंय, आणि म्हणे सगळं ठीक आहे! मी कपाट उघडलं. 'भाची-परदेश' अशी फाईल. तिच्यामागे 'आधारस्तंभ-पत्रव्यवहार'. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, यांच्याच अक्षरात. तुला हवं ते पत्र क्रमांक दोन. मला ते चष्म्याशिवाय सापडलं.

मी ते यांच्यासमोर काढलं. चोरून पाठवायला मी काही आधारस्तंभ नाही. हे म्हणाले, "माझा सत्कार आहे गं." मी विचारलं, "आणि भाची कुणाची आहे?" तर उठून गॅलरीत जाऊन बसले. मी चपला घातल्या, दार उघडलं, तरी तिकडे तोंड करून बसलेलेच. मला अडवलं नाही, एवढं मात्र खरं.

तर पत्र सोबत आहे. जलद टपालाने पाठवतेय. कचेरीतला माणूस म्हणाला, "आजी, काय मौल्यवान आहे का यात?" मी म्हटलं, "हो, एक पोरगी आहे."

त्या कुत्र्याला माझ्याकडून काहीतरी खायला घाल.

तुझी,
मामी


२७ जून

मामी आणि मामा, दोघांनाही,

पासपोर्ट मिळाला. परवान्याचा अर्ज काल भरला. आधी तुम्हाला हे सांगते, बाकीचं नंतर.

पत्र एकवीस तारखेला आलं. अधिकारी बाईंनी एका अनुवादकाकडून ते वाचून घेतलं, टोपी चढवली आणि म्हणाल्या, "चल." आम्ही गेलो तेव्हा आधारस्तंभ कवळ्या डब्यांत भरत होते. आधी म्हणाले कपाट नाही. मग कपाट आहे पण किल्ली नाही. किल्ली त्यांच्याच खिशात होती, गाडीच्या किल्लीला अडकवलेली. कपाटात एक बिस्किटांचा डबा होता आणि डब्यात पासपोर्ट. तीन नाही, मामा. अकरा.

आमचे तीन, बाकीचे आठ त्यांनी घरकामाला आणि साफसफाईला ठिकठिकाणी ठेवलेल्या बायकांचे. थोरलीच्या पासपोर्टची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. ती रोज काम करताना त्या कपाटाकडे बघून म्हणायची, "माझं सगळं तिथे नीट आहे." तिचे कागद आता पोलीसच नव्याने करून देणार आहेत. आधारस्तंभ कोठडीत आहेत. तिथे दाराला बाहेरूनच कुलूप असतं, तेव्हा ते अगदी सुरक्षित असणार.

काल आम्हा अकरा जणींचे जबाब घेतले. मी थोडंफार दुभाष्याचं काम केलं. फॉर्मवर शेजारी शेजारी दोन रकाने होते: पासपोर्ट या माणसाकडे द्यायला कोणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याचं तुमच्याशी नातं काय. बाई विचारत गेल्या. थोरली म्हणाली, वडील. धाकटी म्हणाली, मोठा भाऊ. मग एकीचा नवरा, एकीचा सासरा, एकीचा मावसा, पुन्हा एकदा वडील. बाई लिहीत होत्या. सातव्या-आठव्या बाईपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "यात एकही अनोळखी माणूस नाही. तुम्हाला घरातून निघताना जपून राहा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं का?"

मी ते सगळ्यांना आपल्या भाषेत सांगितलं. धाकटीला आधी हसू फुटलं, मग ती जी रडायला लागली ती थांबेना.

माझे दोन्ही रकाने अजून रिकामे आहेत. बाई म्हणाल्या, 'एक नातेवाईक' एवढं लिहिलं तरी चालेल. पूर्ण नाव दिलं तर कागद कोर्टात जाईल, तिथे ते मोठ्याने वाचलं जाईल, आणि इथली आपली मंडळी कोर्टात गर्दी करणार हे नक्की. बातमी तुमच्या संघटनेपर्यंतही पोहोचेल. सही वीस जुलैला करायची आहे. मामा, तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे. पण तुम्ही सांगाल तसं लिहीन.

भाची


८ जुलै

भाचीस,

आशीर्वाद द्यायचा अधिकार राहिला आहे का, माहीत नाही. मामीचा आहे, तो घे.

सत्कार मी नाकारला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पाहुणा येत नाही म्हटल्यावर समितीनेच तो रद्द केला. फलकावर 'अपरिहार्य कारणामुळे' असं लिहिलं. मी परवा जाऊन अध्यक्षांना खरं कारण सांगितलं, पत्रासकट सगळं. ते म्हणाले, "मुलीने जरा सांभाळून घ्यायला हवं होतं." मे महिन्यात मी तुला दुसरं काय सांगितलं होतं?  आता ते मला पुन्हा 'अरे' म्हणतात.

पत्र सापडत नव्हतं, हे खोटं होतं. ते मला रोज दिसत होतं. तुझं अठ्ठावीस मेचं पत्र आलं त्या दिवशी मी ते हातात घेतलं, पाकिटात घातलं, तिकीटही लावलं. मग पत्रिकेवरचा फोटो पाहिला आणि पुन्हा फाईलला लावलं. मामीने ते नेलं तेव्हा मी गॅलरीत पाठ करून बसलो होतो, कारण ती गेली याचं मला बरं वाटत होतं आणि ते तिला दिसायला नको होतं. एवढं भित्रं माणूस चौतीस वर्षं किल्ल्या घेऊन हिंडत होतं.

'एक नातेवाईक' असं मोघम काही लिहू नकोस. माझं पूर्ण नाव लिही, वडिलांच्या नावासकट, आणि खाली घरचा पत्ता. स्पेलिंग तपासून घे. कोर्टात मोठ्याने वाचू देत. इथेही कुणी विचारलं तर मीच वाचून दाखवीन.

शेजारच्या रकान्यात ते नातं विचारतील. तिथे काय लिहायचं, ते मी सांगणार नाही.